प्लेट टाकायच्या आधी

(दृश्य : उजेडाच्या पेटीवर एक्स-रे)

हा उजवा गुडघा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. नडगीच्या वरच्या टोकाला जे पठार असतं, त्यावर चालताना अंगाचा भार उतरतो. मोटरसायकल घसरली, पाय टेकवताना गुडघा आतल्या अंगाला मुडपला आणि मांडीच्या हाडाचं गोल टोक या पठारात घुसलं. बाहेरची कड फुटून बाजूला सरकली आणि मधला तुकडा खचलेल्या फरशीसारखा खाली गेला.

टोरंटोच्या जोसेफ शाट्झकर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये अशा फ्रॅक्चरचे ६ प्रकार मांडले. वॉर्डात आजही तीच भाषा चालते. हा टाइप टू, म्हणजे कड फुटलेली आणि मधला भाग खचलेला.

(दृश्य : उशीवर ठेवलेला सुजलेला पाय)

नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो, ऑपरेशन कधी? नडगीवरची कातडी पातळ. सूज असताना चिरलं तर टाके उसवतात, हाडाला लावलेली धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, उघडी पडते. म्हणून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबायचं. दरम्यान पोटरी दगडासारखी घट्ट झाली, पायाची बोटं हलवताच असह्य कळ आली, तर मात्र थांबायचं नाही. अशा वेळी दाब मोकळा करायला तातडीनं थिएटर गाठावं लागतं. इथे तसं झालं नाही.

(दृश्य : थिएटर, सिस्टर ट्रेमधले स्क्रू मोजताहेत)

कण्यातून भूल दिली आहे, मांडीला टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा, बांधला आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चीर. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, टाक्यांनी अलगद वर उचलून धरली, आणि खचलेलं पठार उघड्या डोळ्यांनी दिसलं.

प्लेट अजून ट्रेमध्येच आहे. खरं काम आता सुरू होतं.

हाडाला एक छोटी खिडकी पाडून खालून पंच आत घातला. हलके ठोके. एक ठोका, सी-आर्मवर, म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर, नजर. पुन्हा ठोका. लेड ॲप्रन घातलेल्या सगळ्यांच्या माना पडद्याकडे वळलेल्या. खचलेला तुकडा कूर्चेसकट वर येतो आणि शेजारच्या पृष्ठभागाशी समतल होतो. खाली पोकळी उरते. ती तशीच सोडली तर तुकडा पुन्हा बसणार, म्हणून कमरेच्या हाडातून घेतलेला चुरा तिथे ठासून भरला जातो. तात्पुरत्या बारीक तारांनी सगळं जागच्या जागी धरून ठेवलं.

आता प्लेट. वरचे स्क्रू सांध्याच्या लगेच खाली, एकमेकांना समांतर. उचललेला तुकडा या स्क्रूंच्या रांगेवर टेकतो. ड्रिल, खोलीचं माप, स्क्रू. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, ते प्लेटमध्ये घट्ट बसतात. ठिसूळ हाडात याचा मोठा आधार. हाड प्लेट जोडत नाही, ते आपलं आपण जुळतं. तोवर सांध्याची पातळी सांभाळणं, एवढंच प्लेटचं काम.

(दृश्य : जुनी छायाचित्रं)

हाडाला धातूची पट्टी लावल्याची नोंद कार्ल हान्समान या हॅम्बुर्गच्या सर्जननं १८८६ मध्येच केली होती. पण बराच काळ नेहमीचा उपाय होता प्लास्टर आणि आठवडेच्या आठवडे अंथरूण. हाड जुळायचं, गुडघा आखडून बसायचा. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बील इथे मॉरिस म्यूलर आणि त्यांच्या सोबतच्या सर्जननी एओ हा गट स्थापन केला. त्यांचा आग्रह असा, की हाड इतकं पक्कं बसवा की सांधा लगेच हलवता येईल. १९६० पासून डावोसमध्ये ते इतर सर्जनना हे तंत्र शिकवू लागले. आपल्या समोरचा ट्रे त्याच परंपरेतला.

(दृश्य : वॉर्ड, फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवताहेत)

टाके ओले आहेत, तरी गुडघा हलवायला सुरुवात झाली आहे. भार टाकायला मात्र साधारण १० ते १२ आठवडे मनाई, तोवर वॉकर. काहींच्या जखमेत जंतुसंसर्ग होतो, काहींचा गुडघा पुरता वाकत नाही, काहींच्या सांध्याची पुढे झीज होते.

राउंडला पेशंटनं विचारलं, ‘डॉक्टर, मांडी घालून जेवायला बसता येईल ना?’

‘आधी नव्वद अंशांपर्यंत वाकवा, मग बघू.’