पाच वेळा, हलक्या हाताने

(दृश्य : नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग. मंद उजेड, मॉनिटरची टिकटिक. एका छोट्या पायाभोवती दोन बोटं.)

पडद्यावर दिसतोय तो पाय बाहुलीचा आहे. परिचारिकांना शिकवण्यासाठी अशी बाहुली वापरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर कॅमेऱ्याचे दिवे मारायचे नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हणून या फिल्ममध्ये हात खरे आहेत आणि बाळ तेवढं कापडाचं. गोष्ट आहे अशा बाळांच्या हाडांची, आणि त्यांच्या हातापायांना द्यायच्या हलक्या व्यायामाची.

गर्भातल्या बाळाच्या हाडांमध्ये जे कॅल्शियम आणि फॉस्फरस साठतं, त्यातलं सुमारे ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत साठतं. बाळाच्या दर किलो वजनामागे रोज १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आईकडून वारेतून बाळाकडे जात असतं. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी भरायला नुकती सुरुवात झालेली असते, तेवढ्यात नाळ कापली जाते.

आणखी एक गोष्ट तुटते. तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

(दृश्य : गरोदर बाईचा पोटावर ठेवलेला हात.)

पोटातलं बाळ लाथ मारतं, तेव्हा घरातले सगळे हात लावून बघतात. ती लाथ गर्भाशयाच्या भिंतीवर बसते आणि भिंत तिला विरोध करते. प्रत्येक लाथेबरोबर मांडीच्या, पोटरीच्या हाडावर थोडा ताण येतो. हाडाच्या आतल्या पेशींना तो ताण जाणवतो आणि इथे भर घाला, असा निरोप त्या हाड बांधणाऱ्या पेशींना देतात. हाड वापरलं तर घट्ट होतं, पडून राहिलं तर विरळ होतं. महिनाभर प्लास्टरमध्ये राहिलेला पाय ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काचेच्या पेटीत ती भिंत नसते. बाळ पाठीवर पडलेलं, नाकात नळी, हाताला सलाईन. लाथ मारली तरी पाय हवेतच जातो. त्यात कधी आजारपणामुळे दूध उशिरा सुरू झालेलं असतं, कधी फुप्फुसांसाठी दिलेल्या औषधांमुळे लघवीतून कॅल्शियम निघून जात असतं. मग हाडं ठिसूळ होतात. एक्स-रेवर हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून डॉक्टर रक्तातलं फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं अशक्त होऊ लागली की रक्तात वाढणारं एक एन्झाइम) तपासत राहतात. अशा बाळाचे दोन्ही घोटे एका हातात धरून, पाय वर उचलून लंगोट बदलायचा नाही. कुशीवर वळवायचं, नाहीतर ढुंगणाखाली हात घालायचा. इतकी ती हाडं नाजूक असतात.

मग ती भिंत कोणाच्या हातांनी परत देता येईल का?

(दृश्य : परिचारिकेचा एक हात बाहुलीच्या मांडीला आधार देतो, दुसरा पोटरी धरतो.)

बघा, हात कसे ठेवलेत. एक हात सांध्याच्या वर, एक खाली. गुडघा अलगद दुमडायचा, जिथपर्यंत आपसूक जातो तिथपर्यंतच. शेवटाला किंचित दाब द्यायचा आणि सरळ करायचा. ओढायचं नाही, झटका तर नाहीच. पाच वेळा. मग घोटा, मग खुबा. मनगट, कोपर, खांदा. प्रत्येक सांधा पाच वेळा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. नजर सतत बाळाच्या रंगावर आणि मॉनिटरवर. ठोके मंदावले, ऑक्सिजन खाली आला की तिथेच थांबायचं. आणि हे सगळं बाळ स्थिर झाल्यावरच.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ बाळांवर हे करून पाहिलं. ज्यांना व्यायाम दिला, त्यांचं वजन जास्त वाढलं आणि हाडांत खनिजही जास्त भरलं. २००३ मध्ये इस्रायलमध्ये २४ बाळांची नडगी अल्ट्रासाउंडने मोजली. घट्ट हाडातून ध्वनी वेगाने जातो, विरळ हाडातून सावकाश. चार आठवड्यांत व्यायाम न मिळालेल्या बाळांमध्ये हा वेग घसरला, व्यायाम मिळालेल्यांमध्ये टिकून राहिला. पुढे युटाच्याच गटाने हा व्यायाम आयांना शिकवला. आईने दिलेल्या व्यायामाचा उपयोग प्रशिक्षित थेरपिस्टने दिलेल्या व्यायामाइतकाच झाला. मला स्वतःला या सगळ्यातला हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. काचेबाहेर तासन्‌तास नुसती बसून राहणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना का ते कळेल.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचं सांगायलाच हवं.

(दृश्य : दिल्ली, 'एम्स'चं प्रवेशद्वार.)

दिल्लीच्या एम्समध्ये ३५ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ५० बाळांवर अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना वयाच्या पहिल्या आठवड्यानंतर रोज एकदा हाच व्यायाम दिला. पोटातले दिवस धरून चाळीस आठवडे भरले तेव्हा नडगीतल्या ध्वनीचा वेग मोजला. दोन्ही गटांत लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. रक्तातल्या कॅल्शियम-फॉस्फरसमध्येही नाही.

त्याआधी, २०१४ मध्ये, तोवरच्या ११ चाचण्या आणि ३२४ बाळांचा एकत्रित आढावा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय पुरावा एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, घेतला होता. थोड्या काळापुरता वजनाला आणि हाडांना फायदा होत असावा, पण सरसकट प्रत्येक बाळाला हा व्यायाम द्यावा एवढा पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं. या चाचण्या लहान आहेत आणि मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. म्हणून कोणी 'व्यायामाने हाडं नक्की भरतात' असं छातीठोकपणे सांगत असेल, तर तो पुराव्यापेक्षा पुढे धावतोय.

ज्याबद्दल वाद नाही, ते आधी हवं. आईचं दूध, आणि फार लहान बाळांसाठी त्यात मिसळायची कॅल्शियम-फॉस्फरसची पूड, कारण नुसत्या दुधातली खनिजं त्यांना पुरत नाहीत. ड जीवनसत्त्वाचे थेंब. आईला दूध येत नसेल तर दुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. विटा-सिमेंट आल्याशिवाय गवंडी कितीही कुशल असला तरी भिंत उभी राहत नाही.

आणि हे.

(दृश्य : सुती कापडाची गुंडाळी, बाहुलीभोवती घरट्यासारखी.)

जुन्या धुतलेल्या सुती कापडाचं वेटोळं. बाळ त्यात ठेवलं की हातपाय पोटाशी येतात, आणि पाय ताणला की कशाला तरी टेकतो.

आता घरचं. आपल्याकडे बाळाला तेल लावायला बाई येते. पायावर आडवं घेऊन चोळते, हातांची घडी छातीवर घालते, उजवा हात डाव्या पायाला लावते. नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाला ते मानवतं. पेटीतून घरी आलेल्या बाळाला त्याच जोराने चोळलं, तर हाड मोडू शकतं. आजींना हे सांगताना त्यांचा अनुभव मोडीत काढू नका. त्यांना डिस्चार्जच्या दिवशी सोबत न्या. डॉक्टरांसमोरच विचारा : तेल कधीपासून लावायचं, किती जोराने, पाय किती दुमडायचा. आणि परिचारिकेला म्हणा, एकदा आजींचा हात धरून दाखवा.

(दृश्य : बाहुलीच्या गुडघ्यावर सुरकुतलेला हात, त्यावर परिचारिकेचा हात. दोघी मिळून मोजतात : एक, दोन, तीन, चार, पाच.)