लसीच्या दिवशी आईचे ताट

श्रोतेहो, नमस्कार. दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आई उपकेंद्रातून घरी येते, तेव्हा त्याच्या दोन्ही मांड्यांवर एकेक आणि उजव्या दंडावर एक अशा तीन सुया टोचलेल्या असतात. पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस तोंडावाटे दिलेले असतात ते वेगळेच. संध्याकाळी बाळाचे अंग तापते, ते बहुधा डाव्या मांडीत दिलेल्या पेंटाव्हॅलंट लसीमुळे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया व मेंदूज्वर आणणारा जंतू) या पाचांविरुद्ध शरीर तयारीला लागल्याची ती खूण असते आणि एकदोन दिवसांत ती ओसरते.

घरात मात्र पहिला बंदोबस्त होतो तो आईच्या ताटाचा. “आंबट खाऊ नकोस, सुई पिकेल,” असे सांगून ताक, लिंबू, टोमॅटो बंद होतात, आणि काही घरांत वांगे आणि हरभऱ्याची डाळही त्यांच्यामागोमाग जाते. सांगणाऱ्यांची माया खरी असली, तरी सुई पिकते ती त्या जागी जंतू शिरल्यामुळे, आईच्या ताकामुळे नव्हे. आणि हळदीचा लेप लावणे, तेलाने मांडी रगडणे या हौसेच्या उपायांनीच त्या जंतूंना वाट मिळण्याचा धोका अधिक. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून, पिळून, हलकेच ठेवले की पुरते. तिथे लहानशी गाठ राहिली आणि ती दुखत नसेल, तर काही आठवड्यांत आपोआप विरते.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि एक अळिवाचा लाडू. ज्या रात्री बाळ किरकिरत वारंवार अंगावर ओढते, नेमक्या त्याच दिवशी तिला पथ्यावर ठेवणे मला तरी उफराटे वाटते. नेहमीचे सगळे जेवण तिने जेवावे आणि पाणी भरपूर प्यावे. बाळाला मात्र अंगावरच्या दुधाखेरीज काही नको. पाणी नको, बाळगुटी नको आणि मध तर मुळीच नको. पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास पाजायचे नाही हा समजही निराधार आहे. लगेच पाजता येते, आणि पाजल्याने बाळाची वेदना कमी होते.

तापासाठी पॅरासिटामॉल आरोग्यसेविकेने सांगितले असेल तेवढेच, बाळाच्या वजनाच्या हिशेबाने द्यावे. इथे एक गफलत जिवावर बेतू शकते. थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५. मोठ्या भावंडाच्या सिरपचे माप थेंबांच्या बाटलीला लावले, तर चौपट औषध पोटात जाईल. बाळाला दुपट्यांत गुंडाळू नये, सैल सुती झबले पुरे.

ताप दोन दिवसांपलीकडे राहिला, झटका आला, बाळ तीन तासांहून अधिक सलग रडले, दूध ओढेनासे झाले, अंग सैल पडले किंवा त्याला धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. एरवी पुढचा डोस चार आठवड्यांनी असतो, आणि त्या दिवशी बाळाला साधी सर्दी असली तरी तो चुकवण्याचे कारण नाही.