पडूकाचं यार्ड

[दृश्य: उंचावरून दिसणारं यार्ड. राखाडी सिलिंडरांच्या रांगाच रांगा.]

अमेरिकेतलं केंटकी राज्य. पडूका गावाबाहेर, ओहायो नदीपासून काही मैलांवर हे यार्ड आहे. एकेक सिलिंडर बारा फूट लांब, चार फूट व्यासाचा. आत बारा-तेरा टन माल, आणि भोवती पोलादाचा पत्रा जेमतेम आठ मिलिमीटरचा.

पडूकाचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. त्याच्या जोडीला टेनेसीत ओक रिज आणि ओहायोत पाइकटन. काम एकच, युरेनियम समृद्ध करायचं. आधी बॉम्बसाठी, मग अणुभट्ट्यांसाठी. खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा युरेनियम-२३५ असतो फक्त ०.७ टक्के. तो एका बाजूला गोळा करत गेलं की दुसऱ्या बाजूला उरतं ते क्षीण युरेनियम. अणुभट्टीचं एक किलो इंधन तयार व्हायला हे उरलेलं सात-आठ किलो निघतं. त्यात युरेनियम-२३५ राहतो ०.२ ते ०.४ टक्के.

चाळीस-पन्नास वर्षं हा उरलेला माल सिलिंडरांत भरून अंगणात ठेवला गेला. सगळा मिळून सुमारे ७ लाख टन, ६० हजारांहून जास्त सिलिंडर.

[दृश्य: सिलिंडरच्या बुडाशी धरलेला गंज, अगदी जवळून.]

आतला पदार्थ आहे युरेनियम हेक्साफ्लोराइड. साध्या तापमानाला पांढरा, स्फटिकांसारखा घन. छप्पन अंश सेल्सिअसच्या वर गेला की न वितळता थेट वायू होतो. त्याला दमट हवा लागली की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. इथला पहिला धोका किरणोत्सर्गाचा नाही, या आम्लाचा आहे. फुप्फुसं जाळतं ते.

१९९० मध्ये पाइकटनच्या यार्डात दोन सिलिंडरांना भोकं पडलेली सापडली. रचताना शेजारच्या सिलिंडरचा उचलायचा कान लागून पत्रा चिरला होता आणि पुढचं काम गंजाने केलं. पण गंमत बघा. बाहेरची हवा, आतला माल आणि पत्र्यातलं लोखंड यांच्यातून एक घट्ट खपली तयार होते आणि तीच भोक बऱ्यापैकी बुजवते. त्यामुळे मोठी गळती झाली नाही. मात्र खपलीवर विसंबून कोणी साठा सांभाळत नाही. १९९५ मध्ये संरक्षण अणुकेंद्रांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने ऊर्जा खात्याला लेखी शिफारस केली: सिलिंडरांना नव्याने रंग द्या, आणि हा माल याच रूपात ठेवायचा का, तेही तपासा.

इतकी वर्षं का थांबले? कारण कागदोपत्री हा कचरा नव्हता, साठा होता. कधीतरी उपयोगी पडेल. आपल्याकडे माळ्यावर जुने पंखे ठेवतात ना, तसंच.

मग उपयोग किती आहेत, तेही मोजून पाहू.

[दृश्य: पाइपच्या वेल्डिंगवर लावलेला गॅमा कॅमेरा.]

युरेनियम शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन. रिफायनरीत पाइपचं वेल्डिंग तपासायला जो हातात उचलून नेता येणारा गॅमा कॅमेरा वापरतात, त्याच्या पोटात इरिडियमचा किरणोत्सर्गी स्रोत असतो. त्याच्याभोवतीचं जड कवच बहुधा क्षीण युरेनियमचंच. जुन्या बोइंग ७४७ विमानांच्या शेपटीत तोल साधायला हेच वजन लावत. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळलं, तेव्हा त्यात असं २८२ किलो वजन होतं, आणि ते सगळं सापडलं नाही. पुढे टंगस्टन आलं. रणगाडे भेदणाऱ्या गोळ्यांतही क्षीण युरेनियम आहे. १९९१ च्या आखाती युद्धात सुमारे ३०० टन वापरलं गेलं, आणि त्याच्या परिणामांवरचा वाद अजून मिटलेला नाही. पण साठ्याच्या हिशेबात ३०० टन म्हणजे हजारात एक भागसुद्धा नाही. काँक्रीटमध्ये खडीऐवजी घालून जाड पिंपं करायचीही कल्पना निघाली. प्रयोगशाळेत जमली, बाजारात नाही.

खरा मोठा गिऱ्हाईक एकच: ब्रीडर अणुभट्टी, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणारी. तिच्या गाभ्याभोवती क्षीण युरेनियमचं वेष्टन असतं आणि त्यातून प्लुटोनियम तयार होतं. भारताने हाच रस्ता धरला आहे. तुर्भे, तारापूर आणि कल्पक्कमच्या, वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पांतून निघालेलं क्षीण युरेनियम कल्पक्कमच्या ब्रीडरसाठी माल आहे, ओझं नाही. अमेरिकेने मात्र आपला ब्रीडर प्रकल्प १९८३ मध्येच गुंडाळला. गिऱ्हाईकच गेलं.

[दृश्य: रूपांतर कारखाना. वाफेचे पाइप.]

१९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला: पडूका आणि पाइकटनला रूपांतराचे कारखाने उभारा. पुढच्या वर्षी ऊर्जा खात्याने निर्णय घेतला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. वापरायचं की पुरायचं, हा वाद बाजूला ठेवा. आधी माल स्थिर करा. हेक्साफ्लोराइडवर वाफ आणि हायड्रोजन सोडायचा. युरेनियम ऑक्साइडची पूड मिळते, फ्लोरिन आम्लरूपाने सुटतं. पूड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हवेत शांत असते. आम्ल उद्योगांना विकलं जातं. रिकाम्या झालेल्या सिलिंडरांत तीच पूड भरतात. फ्रान्स हे काम पियेरलातला १९८४ पासून करतोय. अमेरिकेचे कारखाने २०१०-११ मध्ये चालू झाले. मूळ अंदाज होता पाइकटनला १८ वर्षं आणि पडूकाला २५. मधे बंद पडण्याचे काळ धरले तर तो अंदाज केव्हाच मागे पडला.

आणि पुरायचं कुठे? २०२० च्या निर्णयात तीन जागा आहेत: युटातलं क्लाइव्ह, नेवाडातलं जुनं अणुचाचणी क्षेत्र आणि टेक्सासमधलं अँड्र्यूज. क्लाइव्हवरून मोठं भांडण झालं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. सौम्य पातळीचा इतर किरणोत्सर्गी कचरा काही शतकांत बराच निवतो. क्षीण युरेनियमचं उलट. शुद्ध करताना त्यातून रेडियम आणि युरेनियमच्या क्षयातून जन्मणारी इतर मूलद्रव्यं बाजूला काढलेली असतात, ती हळूहळू पुन्हा तयार होतात. किरणोत्सर्ग सुमारे वीस लाख वर्षं वाढतच जातो. सौम्य कचऱ्याचे नियम १९८२ मध्ये लिहिले, तेव्हा एवढे ढीग कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. आणि क्लाइव्ह ज्या मैदानात आहे, ते हिमयुगात बॉनव्हिल नावाच्या विशाल सरोवराखाली होतं. ते सरोवर परत आलं तर? वरची माती वाहून गेली तर? युटाने २०१० मध्ये नियम केला: क्षीण युरेनियम मोठ्या प्रमाणात घ्यायचं असेल तर आधी त्या जागेचा दूरच्या काळाचा अभ्यास दाखवा. पुढची कित्येक वर्षं सरोवराच्या लाटांचे हिशेब सरकारी फायलींमधून फिरत राहिले.

[दृश्य: सिलिंडरवरची क्रमांकाची पाटी.]

सगळे सिलिंडर सारखे नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. जुन्या काळी, युरेनियम स्वस्त असताना, कारखान्याने पुष्कळ युरेनियम-२३५ मागेच सोडलं. २०१२-१३ मध्ये असा निवडक माल पडूकालाच पुन्हा समृद्ध केला गेला आणि त्यानंतर जुना कारखाना बंद झाला. २०१६ मध्ये ऊर्जा खात्याने लेसरने समृद्धीकरण करू पाहणाऱ्या एका कंपनीशी उरलेल्या चांगल्या सिलिंडरांचा करार केला. हा व्यवहार युरेनियमच्या भावावर चालतो. भाव पडला की तोच सिलिंडर पुन्हा पूड करायच्या रांगेत जातो. म्हणून यार्डातली नोंदवही नीट असणं यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे: कोणत्या सिलिंडरमध्ये किती टक्के, पत्रा शेवटचा कधी तपासला, आणि तो आधी लेसरकडे न्यायचा की वाफेकडे.