संत्र्याचा खुंट आणि जंतूंची ओळख

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. थंडी चांगलीच पडून राहिली, तरी एवढे जण आलात, फार बरं वाटलं. विषय पत्रिकेवर आहेच, जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टर्सची, म्हणजे जंतू हेरणाऱ्या प्रोटीन्सची, उत्क्रांती. पण सुरुवात मी आमच्या काटोलकडच्या बागेपासून करणार, कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो तिथून, कॉलेजातून नाही.

संत्र्याचं कलम इथं कुणाला समजावून सांगायला नको. वर नागपुरी संत्र्याचा डोळा, खाली दुसऱ्याच लिंबाचा खुंट, जंबेरी नाहीतर रंगपूर. डिंक्या रोगात रंगपूर जास्त टिकतो म्हणून बाबांनी मुद्दाम रंगपूरवरची कलमं मागितली, जास्तीचे पैसे मोजले, नर्सरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की काका रंगपूरच हाय. झाडं लागली, वाढली, बहार धरायला लागली आणि सातव्या वर्षी बुंध्यातून डिंक गळायला सुरुवात. सकाळी मधासारखा थेंब, दुपारपर्यंत कडक. साल खरवडली की आत तपकिरी. मग पानं पिवळी, मग फांद्या शेंड्याकडून वाळत खाली. बाबा बोर्डो पेस्ट लावायचे, पाणी बुंध्याला भिडू नये म्हणून दुहेरी आळं करायचे, तरी एकेक झाड जातच राहिलं.

अशाच एका गेलेल्या झाडाला कलमाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटालाच, फुटवा आला. कुणीही तो काढून टाकला असता, बाबांनी ठेवला. काही वर्षांनी त्याला फळ धरलं, पिवळं, खरबरीत सालीचं. रंगपूरचं फळ पिकलं की केशरी होतं, दुरून संत्राच वाटावा असं. बाबांनी ते फळ हातात फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "पाह्य, जंबेरी हाय." नर्सरीत गेलो तर पावती दाखवा म्हणाले, पावतीवर नुसतं 'संत्रा कलम' लिहिलेलं. एका माणसाची दहा वर्षं गेली हो त्यात. मला त्याचा राग आजही आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पण माझा प्रश्न तिथंच सुरू झाला. माती तीच, पाणी तेच, रोग तोच, मग एक खुंट तग धरतो आणि दुसरा काहून नाही? सगळं ओळखण्यावरच अवलंबून असतं असं नाही, नवी मुळं किती भरभर फुटतात हेही आहेच. पण झाडाला जंतू मुळात 'कळतो' हेच मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेत रोगप्रतिकार म्हणजे रक्त, पांढऱ्या पेशी, अँटीबॉडी, लस. झाडात यातलं काय आहे सांगा? रक्त नाही, फिरत्या पेशी नाहीत, अँटीबॉडी नाही. तरी रानात झाडं उभी आहेत ना कोट्यवधी वर्षं.

बरं, संयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत, मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

1989 मध्ये येल विद्यापीठातल्या चार्ल्स जेनवे यांनी एक विचार मांडला. शरीराला प्रत्येक जंतूचा चेहरा पाठ असण्याची गरज नाही, जंतूला जे बदलताच येत नाही तेवढं ओळखलं तरी पुरे, आणि ही ओळख शिकलेली नसते, जीन्समधून वारशाने येते. पुरावा कुठं मिळाला म्हणाल तर सडक्या संत्र्यावर घोंगावणाऱ्या चिलटात. टोल नावाचा एक जीन चिलटाच्या गर्भाची पाठ-पोट बाजू ठरवतो हे आधीच माहीत होतं. टोल म्हणजे आपल्या हायवेवरचा नव्हे, हा जर्मन शब्द आहे, 'भन्नाट' अशा अर्थाचा. 1996 मध्ये स्ट्रासबुर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की हा जीन बिघडलेली चिलटं बुरशीने मरतात, अंगभर बुरशीचे केस उगवलेलं ते मेलेलं चिलट ज्याने फोटोत पाहिलं तो विसरत नाही. पुढच्याच वर्षी माणसातला टोल सापडला, अशा टोलसारख्या रिसेप्टर्सना टीएलआर म्हणतात, 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी उंदरात दाखवलं की टीएलआर-4 काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष ओळखतो. हॉफमन आणि बॉयटलर यांना 2011 चं नोबेल, जेनवे तोवर राहिले नव्हते.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. जिवाणू शेपटीने पोहतो, ती शेपटी फ्लॅजेलिन नावाच्या प्रोटीनची. आपला टीएलआर-5 ती ओळखतो, झाडातला एफएलएस-2 पण तीच ओळखतो. दोन्ही रिसेप्टर्सचा बाहेरचा भाग एकसारख्या तुकड्यांच्या माळेचा, वाकून घोड्याच्या नालासारखा झालेला. साहजिकच वाटतं की एकाच पूर्वजाकडून आलं असेल. पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. शेपटीचा जो भाग झाड ओळखतं तो वेगळा, आपण ओळखतो तो वेगळा, म्हणजे झाडांनी आणि प्राण्यांनी एकच तोडगा स्वतंत्रपणे काढला. का, तर पोहायचं असेल तर शेपटीचा गाभा बदलून चालत नाही. पोटातला अल्सरवाला हेलिकोबॅक्टर बघा, त्याने टीएलआर-5 ला चकवायला तो गाभाच बदलला, मग शेपटी चालती ठेवायला त्याच प्रोटीनमध्ये दुसरीकडेही बदल करावे लागले.

आणि संख्या ऐका. माणसात टीएलआर 10, चिलटात टोल 9, जांभळ्या समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या जीनोममध्ये 222! अँटीबॉडीची पद्धत यानंतरची, साधारण 50 कोटी वर्षांपूर्वी जबडेवाल्या माशांच्या पूर्वजांत आलेली. लॅम्प्रे नावाच्या बिनजबड्याच्या माशाने तर तेच काम याच नालाच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी करून साधलं, अँटीबॉडी न वापरता. यावर खरं तर अर्धा तास हवा होता.

चिठ्ठी परत आली. प्रश्न घेऊ. आणि कुणाच्या बागेत जोडाखालून फुटवा आला असेल तर छाटायच्या आधी मला फोन करा, त्याचं फळ मला बघायचंय.