दोन विलीनीकरणं

[दृश्य: पहाटेचा अंधार. कौलारू प्राथमिक शाळा. व्हरांड्यात एकच दिवा.]

७ मे २०२४. लोकसभा निवडणुकीचा तिसरा टप्पा आणि गोव्यातलं मतदान. पहाटेचे साडेपाच वाजलेत. फोंडा तालुक्यातल्या या शाळेत आम्ही आदल्या दिवसापासून सामानसुमान घेऊन मुक्कामाला आहोत. मी मराठी शाळेतली शिक्षिका. आता निवृत्त झाले. ती माझी शेवटची निवडणूक ड्युटी. नेमणूक नेहमी परक्या गावात असते. त्यामुळे इथली माणसं मला अनोळखी, भिंतीवरची बाराखडी तेवढी ओळखीची.

सात वाजता दार उघडायचं. त्याआधी मशीन रिकामं आहे हे सगळ्यांच्या देखत दाखवायचं. त्याला मॉक पोल म्हणतात. पक्षांचे एजंट डोळे चोळत येऊन बसलेले असतात. निदान पन्नास मतं टाकायची, मोजायची, कागदाच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघायची, मग मशीन पुसून शून्यावर आणायचं. त्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या. कोणाच्या मनात शंका राहू नये म्हणून एवढी खटपट. मला हे काम नेहमीच फार आवडलं. या देशात दुसरं कुठलंही सरकारी काम सामान्य माणसाचा संशय इतका मानाने घेत नाही, असं मला वाटतं.

[दृश्य: रांग. छत्र्या उन्हासाठी उघडलेल्या. एका म्हातारीचे हात.]

माझ्याकडे सही आणि शाई. डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ. दहाच्या सुमारास एक आजी आल्या. साठेक वर्षं कुळागरात काम केलेला हात. सुपारी सोलून सोलून बोटं अशी काळवंडलेली की शाई लावली कुठे आणि राहिली कुठे, मला कळेना. मी दोनदा लावली. त्यांनी विचारलं, "बाय, निशाणी खंय दिसतली?"

मी सांगू शकत नव्हते. मशीनकडे बोट दाखवलं, एवढंच. आजी आडोशामागे गेल्या. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खाली पडते. आजी ती खाली पडेपर्यंत हलल्या नाहीत. बाहेर येताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पळयली."

त्यांनी निशाणी पाहिली होती. कुठली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण माणसाच्या नावाआधी त्यांनी निशाणी शोधली, आणि ती नीट उमटली का हे डोळ्यांनी बघितलं. हे लक्षात ठेवा. पुढे मला याच निशाणीबद्दल बोलायचंय.

[दृश्य: लोकसभेचा नकाशा. गोव्याचा ठिपका.]

लोकसभेत ५४३ जागा. त्यांतल्या गोव्याच्या दोन. आमच्या फोंडा तालुक्यात तर गंमतच आहे: चार विधानसभा मतदारसंघ, त्यांतले फोंडा, शिरोडा आणि मडकई दक्षिण गोव्यात, आणि प्रियोळ तेवढा उत्तरेत. एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या दोन बायकांचे खासदार वेगळे. तरी रांगेत उभं राहिलं की कोणीतरी म्हणतंच, "दोघांनी दिल्लीत काय होणार?" चहाच्या गाड्यावर, बसमध्ये, देवळाच्या आवारात हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं.

मला ते पटत नाही. पण का पटत नाही हे सांगायला मला माझ्या घरातल्या एका जुन्या पंचांगापासून सुरुवात करावी लागेल.

[दृश्य: पिवळं पडलेलं पंचांग. समासात शाईने लिहिलेले आकडे.]

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्याआधी इथे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी तीच बंदी मोडली होती. १९६३ च्या डिसेंबरात पहिली विधानसभा निवडणूक झाली. गोवा मुक्त करणाऱ्या सरकारचा पक्ष म्हणून काँग्रेस सहज जिंकेल असं दिल्लीला वाटलं असेल. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं, म्हणजे मगोचं, सरकार आलं आणि दयानंद बांदोडकर, म्हणजे आमचे भाऊसाहेब, पहिले मुख्यमंत्री झाले. गावोगावी मराठी शाळा निघाल्या. मी शिकले ती शाळा त्यांतलीच, आणि पुढे मी शिकवलं तेही अशाच शाळेत.

मगोचा मुख्य आग्रह होता गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा. युनायटेड गोवन्स पक्षाचा त्याला ठाम विरोध. हा प्रश्न विधानसभेतल्या बहुमताने सुटू शकला असता. तसं झालं नाही. ठरलं असं की लोकांनाच विचारायचं. आणि विचारताना सरकारचं वजन कुठल्याही बाजूला पडू नये म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने खुर्ची सोडली, राष्ट्रपती राजवट आली. मग १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. निशाण्या दोन: विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं.

मी तेव्हा दोन वर्षांची. पुढचं बाबांकडून ऐकलेलं. बाबा फुलाचे. मराठीवर जीव. शेजारचे काका दोन पानांचे. घरी कोंकणी बोलायचे, पण रोज संध्याकाळी मराठी पेपर वाचायला आमच्याकडेच यायचे, कारण आख्ख्या वाड्यात पेपर एकच येत असे. कौलाच्या आधीचे तीन महिने काका आले नाहीत. आई म्हणायची, त्या दिवसांत बाबा पेपर वाचून झाला की घडी घालून सोप्यावर ठेवायचे, आणि तो तसाच पडून राहायचा.

निकाल लागला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. त्या संध्याकाळी काका आले. पेपर मागितला, पायरीवरच बसले आणि आकडे मोठ्याने वाचले. बाबांनी पंचांग काढलं आणि समासात दोन्ही आकडे लिहिले. खाली एकच शब्द लिहिला. तो बघा, अजून वाचता येतो: "मान्य."

बाबांना दुःख झालं नाही असं नाही. ते दुःख त्यांनी शेवटपर्यंत बाळगलं. पण विचारलं गेलं होतं, मोजलं गेलं होतं, म्हणून मान्य. आणि लोकांची समज बघा. जानेवारीत ज्या गोव्याने विलीनीकरण नाकारलं, त्याच गोव्याने मार्चच्या निवडणुकीत पुन्हा मगोलाच सत्ता दिली. विचार नको, पण सरकार तुमचं चालेल. इतका बारीक फरक करणारा मतदार अडाणी म्हणायचा?

[दृश्य: पर्वरीची विधानसभा, लांबून. पावसाळी आभाळ.]

आता दुसरं विलीनीकरण.

२०१७ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे १७ आमदार आले, भाजपचे १३. सरकार भाजपचं झालं. ते इतर पक्ष आणि अपक्षांना जोडून झालं, आणि तसं करायला घटनेत मनाई नाही. पण जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या उरलेल्या १५ आमदारांपैकी १० जण एकदम भाजपमध्ये गेले. कायद्याच्या भाषेत ते पक्षांतर नव्हतं. ते विलीनीकरण होतं. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली, की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. निवडून आले ११. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांतले ८ गेले. पुन्हा विलीनीकरण.

मला हे एका पक्षाविरुद्ध सांगायचं नाही. गोव्यात सगळ्या दिशांनी माणसं गेली आणि आली आहेत, आणि माझ्या तरुणपणी तर सरकारं महिन्यांच्या हिशेबाने बदलायची. माझं दुखणं या शब्दाशी आहे. गोव्याचं विलीनीकरण करायचं होतं तेव्हा सरकारने आधी खुर्ची सोडली आणि कुळागरात काम करणाऱ्या बाईलाही विचारलं. आज आमदारांचं विलीनीकरण होतं तेव्हा तिला सकाळी बातम्यांतून कळतं. सात सेकंद डोळ्यांत तेल घालून तिने जी निशाणी बघितली, ती कोणी कोणाच्या हवाली केली, हे विचारायचा तिला हक्क नाही.

१९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा. त्यात आधी पक्षाचे एक-तृतीयांश लोक फुटले तर चालायचं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. दोन-तृतीयांश जणांच्या विलीनीकरणाची वाट मात्र राहिली. म्हणजे १५ पैकी एक गेला तर त्याची आमदारकी जाते, १० गेले तर त्यांना कायद्याचं छत्र. शाळेत एका मुलाने पाटी फोडली तर शिक्षा आणि दहा जणांनी मिळून फोडल्या तर माफी, असा नियम मी वर्गात कधी केला नसता. आणि केला असता तर मुलांनीच मला जाब विचारला असता.

[दृश्य: खांडेपार नदी, ओपा. मग घरातला नळ, पितळी कळशी.]

हाच कायदा दिल्लीत आमच्या दोन खासदारांना उलट्या बाजूने बांधतो, आणि लोकसभेच्या मताशी माझं खरं नातं इथे लागतं.

आमच्या घरी नळाला ओपाचं पाणी येतं. ते खांडेपार नदीचं. खांडेपार पुढे मांडवीला मिळते, आणि मांडवी म्हणजेच वर सत्तरीतली म्हादई. नद्या वेगळ्या, खोरं एकच. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई लवादाने निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी मिळालं. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र, तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. खटला उभा असतानाच २०२२ च्या डिसेंबरात म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाच्या आराखड्याला केंद्राकडून मंजुरी मिळाली. सत्तरीपासून पणजीपर्यंत लोक रस्त्यावर आले.

कर्नाटकाच्या लोकसभेत २८ जागा. आमच्या दोन. राष्ट्रीय पक्षांचं अडतं ते इथे. तोच पक्ष बेळगाव-हुबळीकडे म्हणतो पाणी आणणारच, आणि पणजीत म्हणतो थेंबही देणार नाही. दोन्ही मोठ्या पक्षांच्या तोंडून मी हे ऐकलं आहे. एका पक्षाची दोन राज्यांत दोन मतं असली की शेवटी जिथे जागा जास्त तिथे त्याचा कल जातो. हिशेब सरळ आहे.

मग आमच्या खासदाराने काय करायचं? ४ जूनच्या निकालात उत्तर गोव्यातून भाजपचे श्रीपाद नाईक सलग सहाव्यांदा निवडून आले, दक्षिणेतून काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस. एक सरकारी बाकावर, एक विरोधी. उद्या म्हादईच्या प्रश्नावर मतदान झालं आणि पक्षाने व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा आदेश, काढला, तर त्याविरुद्ध मत देणाऱ्याची खासदारकी धोक्यात. एकट्याने नदीसाठी हात वर करायला बंदी. टोळीने घर बदलायला मुभा. माझ्यासारख्या बाईला हे नेमकं उलटं हवं आहे.

मला पक्ष नकोत असं नाही. पक्ष नसते तर भाऊसाहेबांच्या शाळा झाल्या नसत्या, कुळांना जमिनीचे कायदे मिळाले नसते. निशाणीमागे विचार असतो म्हणूनच तर आजी ती शोधत होत्या. माझं मागणं एवढंच: निशाणी बदलायची असेल तर आधी राजीनामा द्या आणि पुन्हा मत मागायला या. एकटे असा, दहा असा. आणि सरकार पडणार नाही अशा प्रश्नांवर, आपल्या मातीपाण्याच्या प्रश्नांवर, खासदाराला व्हिपमधून मोकळं करा. मग दोन जागांचेही दोन स्वतंत्र आवाज होतील, आणि "दोघांनी काय होणार" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असेल.

[दृश्य: संध्याकाळ. शाळेचं दार लोटलेलं.]

सहा वाजले. रांगेतल्या शेवटच्या माणसाचं मत झालं. त्याच केंद्रावर दुपारी, ड्युटीच्या दाखल्यावर, मीही माझं मत दिलं होतं. केंद्राध्यक्षांनी क्लोजचं बटण दाबलं आणि एकूण मतांचा आकडा मोठ्याने वाचला. माझ्या नोंदवहीतल्या सह्यांशी तो जुळवला. जुळला. मग सतरा-सी चा, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाचा, नमुना भरला. प्रत्येक एजंटने सही करून आपली प्रत घेतली, आकडा पुन्हा एकदा वाचला आणि कागदाची घडी खिशात घातली.

मशीनला सील लागत होतं तेव्हा एका पोरसवदा एजंटने मला विचारलं, "बाई, हा कागद किती दिवस ठेवायचा?"

मी म्हटलं, "पंचांग आहे ना घरी? त्यात ठेव."