खडबडीत किती, गुळगुळीत किती?

दाताच्या जागी बसवला जाणारा टायटेनियमचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा असतो. जबड्याच्या हाडात तो पक्का बसला, की त्यावर चढवलेल्या कृत्रिम दाताने निर्धास्तपणे घास चावता येतो. मात्र हाडाने त्याला धरून ठेवायचे की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या पृष्ठभागावर ठरते.

१९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटेनियमचे उपकरण प्रयोगानंतर काढायला गेले, तर ते निघेना. हाड त्याला घट्ट बिलगले होते. १९६५ मध्ये त्यांनी गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. हाड बिलगते ते खरे तर धातूला नव्हे, तर हवेच्या संपर्कात टायटेनियमवर आपोआप तयार होणाऱ्या, काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीच्या ऑक्साइडच्या थराला.

सुरुवातीची इम्प्लांट लेथवर कातलेली, बऱ्यापैकी गुळगुळीत असत आणि त्यांवर दात चढवण्यापूर्वी तीन ते सहा महिने थांबावे लागे. गुळगुळीत झालेल्या पाट्याला आपल्याकडे टाकी लावून घेतात. इथेही उपाय तसाच निघाला. पृष्ठभागावर कुरुंदाच्या बारीक कणांचा मारा करून नंतर तो तीव्र आम्लात बुडवला, की त्यावर लहानमोठे खळगे तयार होतात. त्या खळग्यांत रक्ताची गुठळी नीट धरली जाते, तिच्या तंतूंच्या आधाराने हाड घडवणाऱ्या पेशी थेट इम्प्लांटपर्यंत पोहोचतात आणि चांगल्या हाडात प्रतीक्षा सुमारे सहा आठवड्यांवर येते. एक ते दोन मायक्रोमीटरचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) खडबडीतपणा हाडाला सर्वाधिक मानवतो, असे दिसून आले आहे. असा पृष्ठभागही उघड्यावर राहिला, तर हवेतील कार्बनी संयुगे त्यावर बसतात आणि तो पाणी झिडकारू लागतो. म्हणून काही इम्प्लांट क्षारयुक्त द्रावणात बुडवूनच सीलबंद केली जातात.

अडचण अशी, की तोंडातील बहुतेक जीवाणूही साधारण मायक्रोमीटरभराचेच असतात आणि पेशींना आवडणारे खळगे त्यांनाही आवडतात. संशोधक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याचे वर्णन पृष्ठभागासाठी पेशी आणि जीवाणू यांच्यात लागलेली शर्यत असे केले. हिरडी मागे सरून खडबडीत भाग उघडा पडला आणि त्यावर जीवाणूंचा चिवट थर बसला, तर आट्यांच्या खाचांतून तो खरवडून काढणे दंतवैद्यालाही जिकिरीचे होते. दरम्यान भोवतालचे हाड झिजत राहते. म्हणूनच अनेक इम्प्लांटमध्ये हाडातील भाग खडबडीत आणि हिरडीतून वर येणारा भाग गुळगुळीत ठेवतात. ही घासपूसही एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडते, कारण खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या खाली नेला, तरी जीवाणूंचे प्रमाण आणखी फारसे घटत नाही.

संशोधक आता टायटेनियमवर नॅनोनलिका, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, उगवून त्यांत चांदी किंवा प्रतिजैविके भरून पाहत आहेत. चांदी जीवाणूंना मारते खरी, पण मात्रा थोडी वाढली तरी हाडाच्या पेशींनाही सोडत नाही. मला अधिक वेधक वाटते ती रातकिड्यासारख्या आवाजाच्या सिकाडा या कीटकाची वाट. त्याच्या पंखांवरील अतिसूक्ष्म खांबांवर टेकलेल्या काही जीवाणूंचे आवरण ताणले जाऊन फाटते, हे २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले आणि तशीच रचना टायटेनियमवर घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. जाड भित्तिकेचे जीवाणू मात्र तिला सहज बधत नाहीत. शिवाय प्रयोगशाळेतील बशी म्हणजे तोंड नव्हे: तोंडात इम्प्लांट बसवल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ थर त्या खांबांवर पसरू लागतो, आणि जीवाणू टेकतात ते त्या थरावर.