उजव्या मनगटातली दोरी

(दृश्य: एक हात, अगदी जवळून.)

अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा. मनगट जरासं आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काहीतरी तटतटून वर येईल. ही कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. काहीजणांना ती जन्मतःच नसते, आणि नसली म्हणून काही अडत नाही. पण एका बेसबॉलपटूची अर्धी कारकीर्द या दोरीवर उभी राहिली.

(दृश्य: दिव्यांच्या झोतातलं मैदान.)

१७ जुलै १९७४. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. समोर माँट्रियल एक्स्पोज हा संघ. यजमान डॉजर्स संघाचा ३१ वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, टॉमी जॉन ऐन भरात आहे. मोसमात पिचर म्हणून त्याच्या नावावर १३ विजय, पराभव फक्त ३. त्याचं हत्यार सिंकर, म्हणजे फलंदाजापाशी येता येता खाली बसणारा चेंडू. तो सोडतानाच कोपरात काहीतरी तुटतं. आणखी एक टाकून बघतो. तेच. मग तो स्वतःच चालत मैदानाबाहेर येतो.

आपला क्रिकेटचा गोलंदाज कोपर सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचरचं कोपर आधी मागे वाकतं आणि चाबकासारखं उलगडतं. सगळा ताण आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीवर येतो. ते तुटलं की त्या काळी खेळ संपला. याच संघाचा महान सँडी कोफॅक्स कोपराच्या संधिवातामुळे १९६६ साली, अवघ्या तिशीत निवृत्त झाला होता.

२५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमीच्या उजव्या मनगटातली कंडरा काढली. डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि बाज विणावी तशी ती त्यांतून ओवली. पूर्वी कुणी पिचरवर असं काही केलं नव्हतं. यशाची शक्यता, डॉक्टरांच्याच अंदाजाने, शंभरात एक. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात. इथे सारा जन्म डाव्याने ते वागवलं.

पण आधी हात गेलाच. नस (मज्जातंतू) दुखावली, बोटं बधिर झाली, पंजा पक्ष्याच्या पायासारखा आखडला. डिसेंबरमध्ये पुन्हा ऑपरेशन.

मग आलं १९७५. गोष्ट सांगताना सगळे ऑपरेशनपाशी थांबतात, मला मात्र हे वर्ष मोठं वाटतं. विक्रमांच्या तक्त्यात टॉमीच्या नावापुढे या वर्षी एकही सामना नाही. नसेची वाढ मुंगीच्या पावलाने होते. बोट आज हललं नाही, तर उद्या पुन्हा बघायचं. असं वर्षभर.

(दृश्य: हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज.)

१९७६ मध्ये तो परतला: १० विजय, १० पराभव. पुढच्या वर्षी २० विजय. मग न्यूयॉर्क यँकीजकडून १९७९ मध्ये २१, १९८० मध्ये २२. जगज्जेतेपद मात्र हुलकावणी देत राहिलं. डॉजर्सकडून १९७७ आणि १९७८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे जगज्जेतेपदाची मालिका, हरला ती यँकीजशी. १९८१ ला यँकीजकडून हरला, तेव्हा समोर होते डॉजर्स!

ऑपरेशनपूर्वी १२४ विजय. नंतर १६४. शेवटचा सामना १९८९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी.

आज पिचरचं हे ऑपरेशन नेहमीचं झालंय. त्याला नावच ‘टॉमी जॉन सर्जरी’ पडलं. तीनशे विजयांना बारा कमी पडले आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोरांच्या सन्मान-दालनात, त्याला खेळाडू म्हणून आजवर जागा मिळालेली नाही. हे मला मनापासून खटकतं. २०१३ साली कूपर्सटाउनला, म्हणजे हे दालन आहे त्या गावी, डॉ. जोब यांचा सन्मान झाला. तेव्हा टॉमी तिथे हजर होता.